म्हाळसा मध्यंतराआधी मरते

गोरेगाव, मुंबई
१४ जून १९९५

ती. म्हाळसाअक्कास,
मल्हारचा साष्टांग नमस्कार.

बातमी फोनवर सांगण्यासारखी आहे, पण कऱ्हाटीत पोस्टातल्या फोनवर बोललं की सगळं गाव ऐकतं, म्हणून पत्र लिहितोय. अक्का, तुझ्यावर पिक्चर निघतंय! हिंदी पिक्चर!

झालं असं की आमच्या डायरेक्टरसाहेबांना खेळावरचं काहीतरी करायचं होतं. मातीतलं, रांगडं, बघता बघता माणसानं रडत उठून उभं राहावं असं. मी इथं तिसरा असिस्टंट. म्हणजे ऊन आलं की साहेबांवर छत्री धरायची. त्या दिवशी छत्री धरल्या धरल्याच मी त्यांना एकोणऐंशी सालची इंदापूरची कबड्डीची फायनल सांगितली. आपल्या लासुर्ण्याच्या पोरी अनवाणी पायांनी तालुक्याच्या संघाला कशा भारी पडल्या ते. तेव्हा मी सात-आठ वर्षांचा, नानांच्या खांद्यावर बसून बघत होतो. साहेबांनी गॉगल काढला. 'ये लडकी है कौन?' म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, माझी आतेबहीण.

तर दऱ्याखोऱ्यातल्या वाघिणी, सगळी हकिकत सविस्तर लिहून पाठव. कशी खेळायला लागलीस, बरोबर कोण कोण होतं, कुणी अडवलं. शूटिंगही आपल्याच भागात करू म्हणतायत.

तुझ्या सासऱ्यांना, तात्याबांना नमस्कार. छकुलीला सांग, मामा तुला हिरोईन दाखवणार.

तुझा
मल्हार


कऱ्हाटी, ता. बारामती
२ जुलै १९९५

चि. मल्हार,
आशीर्वाद.

दऱ्याखोऱ्यातली वाघीण म्हणून लिवलंस. लासुर्ण्यात दरी कुठं बघितलीस रं तू? समदा ऊस हाय. मुंबईला जाऊन तुझी जीभ एवढी गुळगुळीत झाली हाय की तिच्यावर माशी बसली तरी घसरंल.

खरं काय ते लिवते. मी काय कुणापुढं शपथ घेऊन खेळायला लागले न्हाय. शाळेत नवे गुरुजी आले, त्यांना पोरींचा संघ पायजे होता. सात पोरी धरून आणल्या. आमी तिघी धनगराच्या, मी, नकोशी अन् झुंबर. माळ्याची सिंधू. मुलाण्याची जुबेदा. बागायतदाराची जयवंता. अन् बौद्धवाड्यातली सारजा कांबळे.

कुणी अडवलं म्हणशील तर जयवंताच्या भावानं, सर्जेरावानं. कबड्डीत हाताला हात धरून साखळी करायची अन् चढाईवालीला त्यात कोंडायची. कोपऱ्यावर जयवंता अन् सारजाची साखळी होती. बहिणीनं सारजाचा हात धरायचा, हे त्याला सोसलं न्हाय. भर मैदानात येऊन तो जयवंताला ओढायला लागला. तिनं सारजाचा हात सोडला न्हाय. त्याला दोघींना मिळून ओढता येईना, तवा तो गेला.

अन् फायनल मी जिंकली न्हाय. मी बाद होऊन बाहेर बसले होते. त्यांची भारीतली पोरगी ह्या दोघींनी साखळीत धरली, म्हणून जिंकलो. तू खांद्यावर बसून भेळ खात आसशील, तुला काय दिसलं?

सारजा पुढं बाळंतपणात गेली. गाडी मिळूस्तवर संपली. बाकीच्या आमी सहाजणी हाय, जिथं दिल्या तिथं.

माझी अट एकच हाय. पिक्चरमधी सातीजणी पायजेत. एक जरी कमी केलीस तर माझं नाव घालू नगंस.

छकुली आता शाळेच्या संघात खेळती. मीच शिकवते त्या पोरींना. तिचा पाय माझ्यापेक्षा चपळ हाय.

तुझी
अक्का


गोरेगाव, मुंबई
२० ऑक्टोबर १९९५

ती. अक्कास,
सा. न.

उशीर झाला, राग मानू नकोस. हिरोईन ठरवण्यात दोन महिने गेले. शेवटी दिल्लीकडची एक मिळाली. उंच, गोरीपान, साबणाच्या जाहिरातीत असते. धावताना फार छान दिसते.

गोष्टीत थोडे बदल करावे लागले. हिरोईन ही मुंबईच्या डॉक्टरांची मुलगी. ती गावी येते, मेंढ्यांमागं धावणाऱ्या पोरी बघते आणि त्यांचा संघ बांधते. तू आहेसच! हिरोईनची जिवाभावाची मैत्रीण म्हाळसा. फार हृदयस्पर्शी भूमिका आहे, वाचताना माझे डोळे भरून आले.

सात पोरी मात्र घेता आल्या नाहीत. पडद्यावर सगळ्या सारख्याच दिसतात म्हणे. मग हिरोईन, तू आणि एक विनोदी जाडी, अशा तीन ठेवल्या. साखळी घेतली आहे, पण ती हिरोईन आणि तू धरता. सारजाचं साहेबांना मी सांगून बघितलं. ते म्हणाले, नाजूक विषय आहे, थिएटरवाले बिचकतात. प्रेक्षकाला एकच चेहरा लागतो, अक्का. त्यात तो स्वतःला बघतो.

जानेवारीत आम्ही जळोचीजवळच्या माळावर येतोय. समोरच्या संघासाठी खेळणाऱ्या पोरी हव्यात. तुझ्या पाठवशील? आणि तात्याबांची मेंढरंही लागतील.

मल्हार


कऱ्हाटी
१२ नोव्हेंबर १९९५

मल्हार,

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. मामंजी हसून हसून खोकायला लागले. डॉक्टरची पोरगी मुंबईवरनं येती अन् मेंढरामागं पळणाऱ्या पोरींना पळायला शिकवती! उद्या ती माशांना पोहायला शिकवंल.

विनोदी जाडी कोण, झुंबर व्हय? तवा ती काडी होती. आता बी तिच्या तोंडावर तिला जाडी म्हणून दाखीव.

अन् सारजा नाजूक! तिनं धरलेल्या पोरीचं मनगट सुजून टम्म झालं होतं. नाजूक तुमचं थेटरवालं. प्रेक्षकाला एकच चेहरा लागतो म्हणतोस, त्यात तो स्वतःला बघतो. आमच्या तालुक्यात साबणाच्या जाहिरातीतल्या बाईत स्वतःला बघणारा कोण हाय, त्याला एकदा मला दाखीव.

मी पोरींना म्हणलं, जायचं न्हाय. तर छकुली म्हणली, "आई, तुमाला कुणी बघितलं न्हाय. आमाला तरी बघू दी."

पोरी येतील. मेंढरं बी येतील, मामंजींनी ती आत्तापासनंच धुवायला काढल्यात. मी येईन ती पोरींसाठी. तुमच्यासाठी न्हाय.

म्हाळसा


कऱ्हाटी
९ फेब्रुवारी १९९६

मल्हार,

तुमच्या गाड्या गेल्या. तू माझ्यापुढं आला न्हाईस. मी दिसले की छत्री आडवी धरायचास. छत्रीखालनं तुझे पाय दिसत होते, म्हणून कळलं तू हायस.

पयल्याच दिवशी पोरींना रांगेत बसवलं. रंगवाल्याकडं दोन डबे होते, एक काळा, एक गोरा. आमच्या पोरी सावळ्याच, तरी वरनं काळं फासायला लागला. मी विचारलं, "का रं बाबा?" तर म्हणला, "दुश्मन टीम है, डरावनी दिखनी चाहिए." मग त्यांना शिकवलं काय, तर केस ओढा, ओरबाडा, अन् हिरोईननं हात लावला की धडाधडा पडा. एवढ्या लांबनं येऊन हे शिकवलं.

हिरोईन पोरगी वाईट न्हाय. मला नमस्कार केला. पण चढाई करताना तिचा पाय मुरगळला, अन् तुमचा साहेब डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात कुणीतरी छकुलीला बोलावलं. तिच्या गुडघ्याखालचा काळा रंग धुतला अन् तितं दुसऱ्या डब्यातला गोरा लावला. माझी लेक वर काळी अन् खाली गोरी, तशी माळावर उभी होती. समदे तिच्या पायाकडं बघत होते.

तिनं चढाई केली. तिघींना शिवून आली. टाळ्या पडल्या. तिनं हसून वर बघितलं, तर कॅमेरावाला वरडला, "चेहरा नीचे!"

तू तितंच उभा होतास, मल्हार. छत्री धरून.

दुपारी तुमच्या पिक्चरमधली म्हाळसा माझ्याशेजारी भाकरी खायला बसली. पुण्याची, नाटकात काम करती, चांगली बाई हाय. म्हणली, "ताई, तुम्ही म्हाळसाच्या कोण?"

मी म्हणलं, "मीच म्हाळसा."

तिच्या घशात घास अडकला. पाणी दिलं. मग हळूच म्हणली, "ताई, मला आज मरायचंय."

मला वाटलं, बाईला सासरी त्रास हाय. तिला समजवायला लागले. तर म्हणली, "तसं नाही हो. मध्यंतराच्या आधी. कालव्यात बुडून. हिरोईनला वाचवताना."

कालव्यात? मी? लासुर्ण्याच्या कालव्यात तुझ्या पोटाखाली हात धरून तुला पोहायला कुणी शिकवलं रं?

तुझ्यावर रागवावं म्हणून बसले होते. पण राग यायला माणूस जरा मोठा लागतो. तू मला तेवढा बी दिसला न्हाईस.

म्हाळसा


गोरेगाव, मुंबई
३ मार्च १९९६

अक्का,

गावात बसून हसणं सोपं आहे. इथं येऊन बघ.

मी इथं आडनाव लावत नाही, हे तुला ठाऊक नाही. पहिल्याच आठवड्यात कोकरे म्हणून सांगितलं, तर सगळं युनिट बें बें करायला लागलं. साहेबसुद्धा. आता मी मल्हार राज आहे. नानांना कळवू नकोस.

तू मेलीस म्हणून पिक्चर उभं राहिलं, हे खरं आहे. तू बुडतेस, मग हिरोईन जिद्दीला पेटते आणि फायनल जिंकते. खेळाच्या पिक्चरमध्ये कुणीतरी मरावंच लागतं आणि हिरोईनला मारता येत नाही. मग कोण उरतं? मी भांडलो असतो तर छत्री दुसऱ्यानं धरली असती, एवढंच झालं असतं.

आणि इतकं काय बिघडलं? तुझं नाव तरी राहिलं. छकुलीचे पाय देशभर दिसणार. कऱ्हाटीतल्या कुणाचं काय दिसलंय आजवर? पिक्चरच्या शेवटी माझंही नाव येईल. तेव्हा तुला कळेल मी काय मिळवलंय ते.

मल्हार


कऱ्हाटी
६ जानेवारी १९९७

चि. मल्हार,

लिवायचं न्हाय म्हणून ठरवलं होतं. पण पिक्चर बघून आले, अन् बघितलं तर सांगितलं पायजे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून समदं गाव बारामतीला गेलं. मी बुडाले तवा थेटरात हुंदकं सुरू झालं. शेजारची बाई एवढी रडली की मी तिला माझा पदर दिला. "कशी गुणाची पोर होती हो," म्हणली. मी म्हणलं, "तोंडाळ होती जरा."

मेंढरं झ्याक दिसली. त्यांना कुणी रंग लावला नव्हता, त्यांच्या जागी दुसरी आणली नव्हती. मामंजींनी एकेकाला नावानं हाक मारली. तुमच्या त्या पिक्चरमधी आमच्यातलं खरं तेवढंच.

मग ती चढाई आली. शिट्ट्यांनी थेटर फुटायला आलं. आधी पाय दिसले, मग तोंड दिसलं हिरोईनचं. मला वाटलं, छकुली उठून काहीतरी वरडंल. ती वरडली न्हाय. तिनं आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. घरी आल्यावर म्हणली, "आई, टाळ्या मलाच पडल्या ना? मग मला लाज का वाटली?" ह्याचं उत्तर तुला येत असंल तर कळीव. तू मामा हायस तिचा.

शेवटी नावं पळायला लागली तवा लोक निघाले. मी उभी राहिले. इंग्रजीत होती, म्हणून छकुलीला वाचायला लावली. चहा देणाऱ्याचं नाव होतं. गाडीवानाचं होतं. तुझं कुठल्याच नावानं नव्हतं, ना कोकरे ना राज. मला वाटलं पोरीची नजर चुकली, म्हणून दुसऱ्या खेळाला तिला परत बसवलं. तवा बी न्हाय दिसलं.

म्हाळसा


गोरेगाव, मुंबई
२ फेब्रुवारी १९९७

ती. अक्कास,

नाव गडबडीत राहून गेलं. राहतं असं. पुढच्या पिक्चरला येईल म्हणालेत.

छकुलीसाठी उत्तर चार वेळा लिहून फाडलं.

एक ऐक माझं. पुढच्या महिन्यात इंदापूरला मुलींचे कबड्डीचे सामने आहेत. तुझ्या पोरी जाणारच. त्यांच्याबरोबर गुरुजींना पाठव, तू जाऊ नकोस. का ते विचारू नकोस.

मल्हार


कऱ्हाटी
२४ मार्च १९९७

चि. मल्हार,

जाऊ नकोस म्हणून लिवलंस, तवाच जायचं ठरवलं.

मैदानाच्या तोंडाशीच भला मोठा बॅनर. 'कै. म्हाळसाबाई स्मृती चषक.' खाली टेबलावर पुण्याच्या त्या नाटकवालीचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. तुमच्या कंपनीनं फोटो अन् परवानगी दोन्ही पाठवलं म्हणं. म्हंजे तुला ठाऊक होतं.

मंडळाचा अध्यक्ष कोण, तर सर्जेराव. जयवंताचा भाऊ. आता पांढरे कपडे, पोट सुटलेलं. माईकवर म्हणला, "ह्या मातीतल्या एका गरीब लेकीनं खेळासाठी प्राण दिला. तिच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून दोन मिनिटं उभं राहूया." समदे उठले. मी बी उठले. माझ्या पोरींनी हसू दाबायला ओढण्या तोंडात कोंबल्या. छकुली तेवढी हसली न्हाय. ती सर्जेरावाकडं बघत होती.

पोरी जिंकल्या. कशा ते लिवत बसत न्हाय, तुमी लोक त्याचं बी काहीतरी कराल. एवढंच सांगते, कुणी कुणाचे केस ओढले न्हाय अन् कुणी सांगून पडलं न्हाय.

चषक घ्यायला मला अन् पोरींना वर बोलावलं. सर्जेराव वही काढून म्हणला, "मॅडम, आपलं नाव?"

"म्हाळसा. लासुर्ण्याची."

तो हसला. "व्हय, व्हय, चषक त्यांच्याच नावाचा हाय. तुमचं नाव?"

खाली बायकांत जयवंता बसली होती. ती उठून स्टेजवर आली अन् माझ्या खांद्यावर हात ठिवला. "दादा, हिला ओळखत न्हाईस? तू मला मैदानातनं ओढत होतास, तवा ही पुढ्यातच उभी होती."

सर्जेरावाचं तोंड उतरलं. माईकवर हात ठिवून हळूच म्हणला, "म्हाळसाबाई, आनंद झाला. पण बॅनर छापलाय, पाहुणं बसलेत. एवढ्या वर्साला आसंच चालू द्या."

म्हंजे एवढ्या वर्साला मेलेलीच राहा. मला तुझीच आठवण झाली.

मी म्हणलं, "कै. ठिवायचं तर ठिवा. पुढचं नाव बदला. सारजा कांबळे. ती खरंच गेली हाय. अन् त्या दिवशी फायनल तिनं जिंकलीय."

"सारजा..." म्हणून तो गर्दीकडं बघायला लागला. "कमिटीत मांडतो. कसं हाय, लोकांना नाव ओळखीचं लागतं."

जयवंता म्हणली, "मला ओळखीचं हाय. तिचा हात माझ्या हातात होता."

ती हे माईकसमोरच बोलली. सर्जेरावाचा हात कधीच खाली आला होता. समद्या मैदानानं ऐकलं.

छकुलीनं चषक उचलला न्हाय. माझ्याकडं बघितलं बी न्हाय, मला विचारलं बी न्हाय. सरळ खाली उतरली, तिच्यामागं बाकीच्या. टेम्पोत मी म्हणलं, "अगं, तुमी जिंकलाय, घ्यायचा होता." तर म्हणली, "दुसऱ्याच्या नावानं एकदा टाळ्या घेतल्या. बास झालं." मग तिला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या मांडीवर डोकं ठिवून कऱ्हाटीपतोर रडली.

काल सर्जेराव मोटारसायकलवर घरी आला. पिशवीत चषक. म्हणला, "बघा, तुमच्या शब्दाबाहेर न्हाय मी. चषकावरची नावाची पट्टी बदलली." वाचलं. 'सारजाबाई स्मृती चषक.' त्याच्याखाली त्याचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, आडनाव, अन् कुठल्या कुठल्या कमिटीवर हाय ते.

मी म्हणलं, "सारजाचं आडनाव?"

म्हणला, "पट्टीवर जागा पुरली न्हाय."

मी त्याला चहा दिला. पिऊ दिला. मग चषक परत पिशवीत घातला अन् पिशवी त्याच्या हातात दिली. म्हणलं, "मोठी पट्टी करून आणा."

गेला. येईल असं जयवंतानं पोस्टात फोन करून कळवलं, ती त्याच्या दारात बसून हाय. न्हाय आला तर मी इंदापूरला जाईन, छकुली बी येते म्हणती.

तुझी
अक्का